रुळबोली

माझी मुलगी रिक्के लाकडी घसरगाडीवर ब्रेक धरायला लागली, त्या दिवसापासून माझ्या पोटात गोळा होता. सकाळी मनोरंजन पार्कचं फाटक उघडलं की तो यायचा आणि संध्याकाळी शेवटची गाडी फलाटाला लागली की जायचा. हे मी कुणाला बोलले नव्हते. फलाटाचा सगळा कारभार माझ्या हातात, अर्धं आयुष्य इथेच उभं राहून काढलेलं. माझीच टरकते हे कळलं असतं तर आमच्या जुन्या ब्रेकवाल्या प्रेबेनला पेन्शन मिळेपर्यंत पुरेल एवढी करमणूक झाली असती.

बियर्केहोल्मची ही गाडी फार जुनी. माझ्या आजोबांच्या पिढीने फ्योर्डच्या, म्हणजे आमच्या खाडीच्या, काठाला लाकडी सांगाडा उभारून बांधलेली. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते, तिथून पुढे ती स्वतःच्या वजनाने धावते, आणि तिला आवरायला असतो फक्त एक माणूस. पुढच्या आणि मागच्या डब्यांच्या मधे एक अरुंद फळी आहे. तिच्यावर उभं राहायचं, लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरायचा, वळण आलं की ओढायचा, सरळ वाट आली की सैल सोडायचा. फलाटावर गाडी थांबवायची तीही त्याच दांड्याने. दुसरा ब्रेक नाही. सरकारने गाडीला जुना ठेवा ठरवल्यापासून तिला एक खिळा नवा मारायचा तरी परवानगी लागते. दर वसंतात तपासनीस येतात, एकेक फळी ठोकून बघतात, मान डोलावतात आणि आमची कॉफी पिऊन जातात.

आता आमच्या बोलण्याविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्या गाडीवरची माणसं पाहुण्यांशी धड बोलत नाहीत. तो उद्धटपणा नव्हे, रिवाज आहे. जुने ब्रेकवाले तोंडात तंबाखूची गोळी धरून काम करायचे आणि दिवसभर तेच ते सांगायचे: खाली बसा, दांडी धरा, हात आत ठेवा, टोपी मांडीवर घ्या. सांगून सांगून शब्दांच्या कडा झिजल्या, शब्द एकमेकांना चिकटले आणि शेवटी 'बस्साडंधराऽत्तातटोप्मां' असं काहीतरी उरलं. वर एकदा घसा खाकरायचा. याला आम्ही रुळबोली म्हणतो.

पाहुण्यांना यातलं एक अक्षर कळत नाही आणि त्यांना ते भलतंच आवडतं. पोरं रांगेत उभ्या उभ्या नक्कल करतात. कुणी विचारलं, "गाडी फार जोरात जाते का हो?" तर गंभीर चेहऱ्याने रुळबोलीत उत्तर द्यायचं. पुन्हा विचारलं तर तेच, आणखी गंभीर होऊन. पार्कच्या दुकानात रुळबोली छापलेले कप विकायला आहेत. मधे कोपनहेगनहून एक संचालक आले होते, त्यांना हे सगळं रानटी वाटलं. त्यांनी एका गोड गळ्याच्या बाईंचा आवाज मुद्रित करून फलाटावर लावला. बाई अगदी स्वच्छ सांगायच्या, हात आत ठेवा म्हणून. लोकांनी तक्रारी करून संचालकांना जेरीला आणलं. आमच्या लहानपणची गाडी कुठे नेलीत, म्हणाले. पंधरवड्याच्या आत बाई गप्प झाल्या.

रुळबोलीतलं एक वाक्य मात्र पाहुण्यांसाठी नसतं. तळ्यावरचं वळण घेऊन गाडी परत येते आणि आमच्या फलाटाच्या डोक्यावरून, लाकडी पुलावरून, जंगलाकडे जाते. पुलावरून जाताना ब्रेकवाला खाली ओरडतो, "होल्लाब्रेक्काफ्फे!" म्हणजे ब्रेक धरतोय, कॉफी टाका. खालून मी ओरडायचं, "काफ्फेऽहे!" रूळ एकच, गाड्या दोन; ती हाक आली की फलाटावर भरून उभी असलेली दुसरी गाडी मी सोडायची, आणि वरची गाडी जंगलातला फेरा मारून, बोगद्यातून निघून रिकाम्या फलाटावर येऊन थांबायची. रिक्केच्या तोंडून ती हाक ऐकली की माझ्या पोटातला गोळा थोडा सैल व्हायचा.

रिक्केला रुळबोली शिकवली मीच. शाळेत तिचे उच्चार इतके स्वच्छ की बाई तिला प्रत्येक नाटकात घ्यायच्या. गाडीवर पहिल्याच दिवशी ती पाहुण्यांना "कृपया हात आत ठेवा" म्हणाली, तेव्हा मी तिला दंडाला धरून बाजूला नेलं.

"काय गं, विमानात आहेस का? तोंडात गरम बटाटा आहे असं समज आणि मग बोल."

"आई, पण त्यांना कळलं नाही तर?"

"कळायचंय काय त्यात? दांडी समोर दिसते, धरतात. आणि कामावर मी तुझी आई नाही. बोडिल म्हणायचं."

"बरं, बोडिल," ती म्हणाली आणि जीभ काढून दाखवली.

तो पहिला उन्हाळा संपेपर्यंत ती अशी तयार झाली की प्रेबेनसुद्धा तिच्यापुढे रेडिओवरच्या बातमीदारासारखा वाटायला लागला. मला तिचा अभिमान वाटायचा. पोटातला गोळा होताच, तरी वाटायचा.

ती गोष्ट घडली त्यानंतर काही वर्षांनी, जुलैमध्ये, भर दुपारी. शाळांना सुट्टी, फ्योर्डवरून वारा, रांग पार आइस्क्रीमच्या टपरीपर्यंत गेलेली. फलाटावर प्रेबेनची गाडी भरत होती आणि वर रिक्केची गाडी साखळीवर कटकटत चढत होती. प्रेबेन म्हणाला, "बोडिल, मी कॉफी घेऊन येतो."

"आत्ता? गाडी भरतेय."

"तुझी पोर वर असताना मला कसली घाई? ती म्हातारीने बाबागाडी ढकलावी तशी चालवते."

"तुझ्यासारखी आदळत नाही म्हण की. जा, पण लगेच ये."

तो सॉसेजच्या गाड्याकडे गेला. हे नेहमीचंच होतं. त्याला उशीर झाला तर रिक्के बोगद्याच्या तोंडाशी गाडी थांबवून वाट बघायची, वरून दोन शिव्या द्यायची, आणि पाहुण्यांना तेही आवडायचं.

मी लोकांना बसवत होते. अगदी पुढच्या बाकावर एक बाई आपल्या मुलीला घेऊन बसली. मुलगी शाळेत जायच्या आधीच्या वयाची, गालाला लिकोरिसच्या गोळीचा काळा डाग. त्यांच्या लगेच मागच्या बाकावर मुलीचा बाप, हिरव्या शर्टातला, दाराएवढा रुंद. सगळ्यात मागे दोन म्हाताऱ्या बहिणी, सारखी टोपी घातलेल्या; त्या दर वर्षी येतात.

"अहो बाई," मुलीची आई मला म्हणाली, "एलिनोर पहिल्यांदाच बसतेय. तिला भीती नाही ना वाटणार?"

मी चेहरा लांब केला आणि म्हटलं, "म्हाल्लाकाठौकपोर्राव्वाटतंम्हुन."

बाई खळखळून हसली. "कळलं का एलिनोर, काय म्हणाल्या त्या?" एलिनोरने मान हलवली, आईला आणखी बिलगली. मी दांडी खाली ओढली, अडकवली आणि पुढे गेले.

वर पुलावर चाकांचा खडखडाट आला. मी "काफ्फेऽहे" म्हणायला तोंड उघडूनच उभी होते.

"आई! ब्रेक तुटलाय! खालची गाडी रिकामी कर!"

एकेक शब्द सुटा आणि स्वच्छ. शाळेच्या रंगमंचावरून शेवटच्या रांगेतल्या माझ्यापर्यंत पोचायचा, तसा तिचा आवाज. आणि आई. एवढ्या वर्षांत गाडीवरून तिने मला आई म्हटलं नव्हतं. गाडी पुलावरून गेली, तिचा आवाज तिच्यामागे ओढला गेला आणि मी उघड्या तोंडाने वर बघत राहिले.

भीती म्हणजे काय हे मला त्या क्षणी कळलं. पोटातला गोळा म्हणजे नुसती काळजी होती. ही भीती जिभेवर होती. रिक्केची गाडी आता कुणीच आवरू शकत नव्हतं. जंगलातला फेरा घेऊन ती पूर्ण वेगाने बोगद्यातून येणार आणि या भरलेल्या गाडीच्या पाठीत घुसणार. ही गाडी मी पुढे सोडू शकत नव्हते, कारण फळीवर प्रेबेन नव्हता. सोडली तर ब्रेकवाल्याशिवाय धावणारी आणखी एक गाडी होणार, आणि ती माणसांनी भरलेली. जंगलाच्या फेऱ्याला वेळ किती लागतो ते मला माहीत होतं. कॉफीचा कप सावकाश भरून घ्यावा एवढा. तोही ब्रेक असताना.

मी फलाटावरचा माइक ओढला. "उत्तर्रागाडीत्नंब्बाहेर्सग्गळे!"

माझ्या तोंडून रुळबोलीच निघाली. निम्मी सवय आणि निम्मी वळलेली बोबडी. सगळी गाडी हसली. रांगेतली पोरंही माझ्यामागून ओरडली, "ब्बाहेर्सग्गळे!"

मी माइक टाकला. जीभ दातांखाली चावली, दुखेल एवढी, आणि मग एकेक शब्द उचलून ठेवत गेले. "उतरा. सगळे खाली उतरा. मागून गाडी येतेय. तिचा ब्रेक तुटलाय. हे खोटं नाही."

हसणं थांबलं. मला वाटलं, कळलं. मग मधल्या बाकावरून कुणीतरी टाळ्या वाजवायला लागला.

"अरे, हिला बोलता येतं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोन वर झाले. मागच्या दोघी बहिणींतली एक दुसरीला म्हणाली, "हे नवीन बसवलेलं दिसतंय गं. गेल्या वर्षी नव्हतं."

"छान करते पण," दुसरी म्हणाली. "घाम बघ कसा आलाय तिला."

"बाई," हिरव्या शर्टातला बाप मागून म्हणाला, "एवढी मोठी रांग लावून बसलोय आम्ही. इतक्या सहज नाही उतरणार." पुन्हा हशा.

मी एकाचा दंड धरून ओढला. त्याला तोही खेळ वाटला. त्याने दांडी घट्ट धरली आणि "वाचवा, वाचवा" म्हणून ओरडला, त्याची बायको हसून हसून डोळे पुसत होती. मी किंचाळले, देवाची शपथ घातली, हात जोडले. जितकी मी घाबरत होते तितकी त्यांना मजा येत होती. आयुष्यभर मी या लोकांना शिकवलं होतं की या फलाटावर जे बोललं जातं त्याला काही अर्थ नसतो. ते शहाण्या मुलांसारखे शिकले होते.

जंगलातून किंकाळ्या आल्या. पण त्या तर दर फेरीला येतात. कुणी मानसुद्धा वळवली नाही. मला मात्र त्यांतला फरक कळत होता. रोजच्या किंकाळ्या उतारावर उठतात आणि वळणावर हशात विरतात. या विरत नव्हत्या. आणि त्यांच्यात कुठेतरी माझी रिक्के होती. दोन डब्यांच्या मधे, एका फळीवर, हातात लोंबणारा दांडा घेऊन.

बोलून उपयोग नव्हता. मी पुढच्या बाकाची दांडी सोडवली, वर फेकली, एलिनोरच्या काखेत हात घातले आणि तिला तिच्या आईच्या मांडीवरून ओढून काढलं. तिला छातीशी धरून मी फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडे पळत सुटले.

मागे तिची आई किंचाळली. ती किंकाळी खरी होती. ती ऐकायला कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"पोरीला पळवलं! धरा तिला!"

सगळी गाडी उठली. मी मागे बघितलं नाही, पण लाकडावर बुटांचा धडधडाट ऐकला. लोक बाकांवरून उड्या मारत होते, दांड्यांखालून सरपटत निघत होते, एकमेकांना ढकलत माझ्यामागे येत होते. एलिनोर माझ्या खांद्याला चावली. तिच्या आईने मागून माझे केस धरले. मी तिचं पोर तिच्या हातात कोंबलं आणि तिने दुसऱ्या हाताने माझ्या तोंडात मारली. चांगली सणसणीत. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर दोन मारल्या असत्या.

मी वळून गाडीकडे बघितलं. रिकामी होती. मागचा बाक सोडून. दोघी बहिणी तिथेच बसल्या होत्या, टोप्या सावरत, तमाशा नीट दिसावा म्हणून माना लांब करून.

मी परत पळाले. हिरव्या शर्टातला माझ्यामागे येत होता, मला धरायला, मारायलाही असेल. "थांब गं ए! पोलिसांना बोलवा कुणीतरी!"

मग बोगदा घुमायला लागला.

रोज गाडी आत शिरली की ब्रेकच्या लाकडाचा रुळावर घासल्याचा लांब कण्हण्याचा आवाज येतो. आज तो आवाज नव्हता. नुसता धडधडाट होता आणि तो वाढतच चालला होता. फलाटाच्या फळ्या पायाखाली थरथरायला लागल्या. मी मागे वळून त्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं आणि मला दिसलं की त्याला कळलंय. त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला.

"म्हाताऱ्या!" मी एवढंच म्हटलं.

तो माझ्या बाजूने पुढे गेला. त्याने एका बहिणीला बाकावरून उचललं, टोपीसकट, आणि मी दुसरीला कमरेला धरून ओढली. ती म्हणाली, "अगं पण माझी पर्स." मी तिला फलाटावर लोटलं. अजून एक गोष्ट उरली होती. उभ्या गाडीच्या पुढच्या चाकाखाली आम्ही लाकडी अडसर लावतो. तो असेल तर रिक्केची गाडी भिंतीवर आपटावी तशी आपटणार. तो निघाला तर रिकामी गाडी धक्क्याबरोबर पुढे सरकेल, चढाच्या पायथ्यापर्यंत, आणि धक्का थोडा तरी कमी लागेल. मी अडसराला लाथ घातली. हलला नाही. दुसरी घातली.

"बोडिल, अगं काय चाललंय?" समोरून प्रेबेन येत होता, दोन्ही हातांत कॉफी. मग त्याने बोगद्याचा आवाज ऐकला. त्याला काही सांगावं लागलं नाही. दोन्ही कप सोडून तो गाडीला खांदा लावून ढकलायला लागला, हिरव्या शर्टातला त्याच्या शेजारी, आणि मी तिसरी लाथ घातली. अडसर उडाला. गाडी सरकली. हातभर, दोन हात. मग आणखी थोडी. "सोडा!" प्रेबेन ओरडला आणि त्या माणसाच्या पट्ट्याला धरून त्याला मागे ओढलं.

बोगद्यातून गाडी बाहेर आली. तिच्यात माणसं बसलेली दिसत नव्हती, नुसत्या पाठी दिसत होत्या. सगळे खाली वाकलेले, डोकी गुडघ्यांत, पोरं पोटाशी. रिक्केने त्यांना ते साध्या, सरळ डॅनिशमध्ये सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. तिचं त्यांनी ऐकलं, कारण दांडा तिच्या हातात सुटून लोंबताना त्यांनी डोळ्यांनी बघितला होता. ती स्वतः वाकलेली नव्हती. फळीवर गुडघे टेकून, मागच्या डब्यातल्या पहिल्या बाकावरच्या दोन पोरांवर ती अंग पसरून पडली होती. मला तिची वेणी दिसली.

मी डोळे मिटले. आई असून मिटले. ते मला कुणी विचारत नाही, पण सांगते.

आवाज आला तो लाकूड फुटल्याचा. मग लोखंड घासल्याचा, खूप लांबपर्यंत. मग काहीच नाही. मग कुणीतरी लहान पोर रडायला लागलं, आणि त्याच्यामागून सगळेच.

डोळे उघडले तेव्हा दोन्ही गाड्या फलाटाच्या पुढे, चढाच्या पायथ्याशी एकमेकींत रुतून थांबल्या होत्या. प्रेबेनच्या गाडीचा मागचा बाक उरलेला नव्हता. रिक्केच्या गाडीतली माणसं एकेक करून उठत होती. कुणाचं नाक फुटलेलं, कुणी मनगट धरून बसलेलं, एक बाई स्वतःची तीन पोरं पुन्हा पुन्हा मोजत होती. सगळी उठत होती. फळीवरून मात्र कुणी उठत नव्हतं.

मी रुळावरून धावले. ती दोन डब्यांच्या मधल्या फटीत एका कुशीवर पडली होती. ती दोन पोरं तिच्याखालून निघून कधीच आपल्या बापाकडे गेली होती. तिच्या तोंडातून रक्त येत होतं आणि डोळे उघडे होते. मी तिच्या अंगावर ओणवी झाले. तिचे ओठ हलले.

"काय? काय म्हणालीस?"

ती पुन्हा काहीतरी म्हणाली. जाड, ओलं, एकमेकांत चिकटलेलं. आमच्या अख्ख्या जूटलँड प्रांतात तिचं तोंडातल्या तोंडात बोलणं समजणारी मी एकटी. आणि मला एक अक्षर कळलं नाही.

"रिक्के, मला कळत नाहीये. पुन्हा सांग."

ती पुन्हा बोलली. पुन्हा तेच. तिला कुठे लागलंय, काय हवंय, ती मला शेवटचं काही सांगतेय का, काही कळेना. माझ्या मनात नको नको ते येत होतं. मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "नीट बोल गं. माझ्या राणी, तोंड उघडून बोल. मी चुकले, मी तुला भलतंच शिकवलं. स्पष्ट बोल, एकदा स्पष्ट बोल."

"बोडिल, तिला श्वास तरी घेऊ दे," प्रेबेन मागून म्हणाला. "रुग्णवाहिका येतेय."

"तू गप्प बस!"

कुणीतरी माझ्या शेजारी खाली बसलं. एलिनोरची आई. मला मारलेला हात तिने पुढे केला, मुलीच्या जाकिटाच्या बाहीने रिक्केच्या तोंडावरचं रक्त पुसलं आणि तिचं डोकं हळूच एका बाजूला वळवलं. रिक्के खोकली. रक्ताची एक गुठळी रुळावर थुंकली, तिच्यात एक दात होता. मग तिने मोठा श्वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. कामावर उशिरा आलेल्या बोडिलकडे ती बघायची, तसंच.

"आई," ती म्हणाली, सुट्या, स्वच्छ शब्दांत, "तू माझ्या मोडलेल्या पायावर गुडघा टेकलायस. ऊठ."

मी उठले, आणि अख्ख्या फलाटासमोर भोकाड पसरलं.